पंधरा कर्मादाने आणि मादागास्करचे लेमूर

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेले भाषण)

 

सुवर्णमहोत्सवी वर्षात ‘जीवदया’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी विश्वस्त मंडळाने आज्ञा केली. मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी. शिक्षण बी.कॉम.पर्यंत. प्राणिशास्त्राचा मला अधिकार नाही आणि आगमांचा तर त्याहून नाही. तरीही आज मी आपणांस हिंदी महासागरातील मादागास्कर बेटावर राहणाऱ्या लेमूर नावाच्या प्राण्यांविषयी सांगणार आहे. जीवदयेच्या व्याख्यानात हा परदेशी प्राणी कोठून आला, असे आपणांस वाटेल. त्याचे कारण एका बालकाने मला विचारलेला प्रश्न आहे.

गेल्या पर्युषणात संवत्सरी प्रतिक्रमण आटोपून आम्ही स्थानकातून घरी परतत होतो. माझा बारा वर्षांचा नातू म्हणाला, “दादाजी, आपण सातव्या व्रतात म्हणतो की, कोळसे पाडण्याचा, जंगल तोडण्याचा, जंगलाला आग लावण्याचा धंदा केला असेल तर त्याचे पाप निष्फळ होवो. पण आपले तर कापडाचे दुकान आहे. मग आपण हे का म्हणतो?” मी म्हणालो, “परंपरा आहे, म्हणून म्हणतो.” मुलगा गप्प बसला. परंतु हे उत्तर नव्हे, हे त्यालाही कळले आणि मलाही कळले.

पुढे त्याच मुलाने शाळेच्या वाचनालयातून लेमूरांवरील एक पुस्तक आणले. चित्रपटात नाचणारा, शेपटीवर पट्टे असलेला प्राणी खरोखरच अस्तित्वात आहे, हे त्याला मला दाखवायचे होते. त्याच्या हट्टामुळे मी ते पुस्तक वाचले आणि नंतर आणखीही काही वाचले. त्यात या प्राण्यांच्या नाशाची जी कारणे दिली होती, ती मला जवळजवळ पाठ होती. चाळीस वर्षे मी ती प्रतिक्रमणात म्हणत आलो होतो.

प्रथम या प्राण्यांची ओळख करून घेऊ. मादागास्कर हे जगातील चौथ्या क्रमांकाचे मोठे बेट असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५,८७,००० चौरस किलोमीटर आहे. ते आफ्रिकेच्या पूर्वेस असले तरी भूगर्भशास्त्रज्ञांच्या मते त्याचा शेवटचा सोयरा भारत होय. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड मादागास्करपासून विलग झाला आणि उत्तरेकडे सरकू लागला. लेमूरांचे पूर्वज त्यानंतर केव्हातरी, बहुधा ५ ते ६ कोटी वर्षांपूर्वी, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून वाहत आलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यांवर बसून या बेटावर पोहोचले, असे मानले जाते. तेथे त्यांना माकडांची स्पर्धा नव्हती आणि अरण्य विपुल होते. त्या थोड्या जीवांपासून शंभराहून अधिक जाती निर्माण झाल्या. त्यांतील एकही जात नैसर्गिक अवस्थेत मुख्य भूमीवर कोठेही आढळत नाही.

त्यांतील वैविध्य थक्क करणारे आहे. मादाम बर्थचा मूषक-लेमूर हा जगातील सर्वांत लहान वानरकुळी प्राणी असून त्याचे वजन जेमतेम ३० ग्रॅम भरते. याउलट इंद्री हा आज हयात असलेला सर्वांत मोठा लेमूर नऊ किलोपर्यंत वाढतो. काळ्या-पांढऱ्या रंगाचा हा प्राणी कुटुंबाने राहतो आणि सकाळच्या वेळी सारे कुटुंब मिळून गाते. ते गाणे दोन किलोमीटरवरूनही ऐकू येते. त्या गाण्यातील ताल माणसाच्या संगीतातील तालाशी जुळणारा आहे, असे २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी मोजून दाखविले.

शेपटीवर काळे-पांढरे पट्टे असलेला लेमूर सकाळी उन्हात मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांकडे पसरून, सूर्याकडे तोंड करून बसतो. छायाचित्र पाहिले तर कोणी साधक ध्यानास बसला आहे, असा भास व्हावा. प्रत्यक्षात थंड रात्रीनंतर तो शरीर ऊबदार करीत असतो. जाड शेपटीचा खुजा लेमूर पावसाळ्यात शेपटीत चरबी साठवितो आणि कोरड्या ऋतूत झाडाच्या ढोलीत सात महिन्यांपर्यंत निद्रिस्त राहतो. त्या काळात तो काहीही खात नाही. सोनेरी बांबू-लेमूर ज्या बांबूचे कोंब खातो, त्यांत सायनाइडसारखे जालीम विष असते. त्याच्या आकाराच्या दुसऱ्या प्राण्याचा ज्याने अंत व्हावा, त्याहून कितीतरी अधिक विष तो रोज पचवितो. ते कसे, हे कोडे अद्याप पुरते उलगडलेले नाही. बहुतेक जातींत मादीचा मान मोठा असतो. फळ प्रथम ती खाते आणि नर बाजूला थांबतो. या वाक्यावर श्राविकांच्या बाजूने हसू आले, त्याची नोंद घेतो.

सर्वच लेमूर शाकाहारी आहेत असे सांगितले तर आपणांस आनंद होईल, परंतु ते सत्य नव्हे. बहुतेक जाती फळे, पाने, फुले आणि मकरंद यांवर जगतात. मूषक-लेमूर मात्र कीटकही खातात. आय-आय नावाचा विचित्र प्राणी आपल्या लांबलचक मधल्या बोटाने लाकडावर टकटक करून आतील पोकळीचा अंदाज घेतो आणि त्याच बोटाने अळ्या बाहेर काढतो. जीवदया ही प्राण्याच्या आहाराची परीक्षा घेऊन करावयाची नसते, हे मला येथे जाणवले.

आता या जीवांचे अरण्याशी असलेले नाते पाहू. आपल्या शहरांत बंगल्यांच्या आणि हॉटेलांच्या आवारात पंख्यासारखी पाने पसरलेले एक झाड लावतात. त्यास ट्रॅव्हलर्स पाम म्हणतात. त्याचे मूळ घर मादागास्कर. त्याच्या फुलांवरील आवरण इतके टणक असते की लहान कीटकास ते उघडता येत नाही. काळा-पांढरा आयाळधारी लेमूर ते हाताने उघडून आतील मकरंद पितो. त्याच्या तोंडावरील केसांस पराग चिकटतो आणि तो दुसऱ्या झाडापर्यंत पोहोचतो. तद्वत अनेक वृक्षांची मोठी फळे लेमूर गिळतात आणि त्यांच्या बिया दूरवर टाकतात. लेमूर नाहीसा झाला, तर झाड काही काळ उभे राहते, पण त्याच्या पुढच्या पिढीस वाहक उरत नाही. आपल्या जैन प्रतीकाच्या तळाशी जे सूत्र असते, त्याचा आशय असा की, जीव एकमेकांच्या उपकारावर उभे आहेत. तत्त्वार्थसूत्रातील हे वचन आपण लेटरहेडवर छापतो. त्या अरण्यात ते रोज घडते.

सुमारे दोन हजार वर्षांच्या काळात, माणसाची वस्ती वाढल्यानंतर, किमान सतरा जातींचे महाकाय लेमूर या बेटावरून नष्ट झाले. त्यांतील एक तर गोरिलाएवढा होता. आज त्यांची केवळ हाडे सापडतात. उरलेल्यांची स्थितीही चिंताजनक आहे. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने जाहीर केले की, १०७ जातींपैकी १०३ जाती संकटात असून ३३ जाती विनाशाच्या अगदी उंबरठ्यावर आहेत. व्यापारी माणूस ताळेबंद वाचतो. १०७ खात्यांपैकी १०३ खाती बुडीत निघण्याच्या मार्गावर आहेत, असा ताळेबंद मी माझ्या आयुष्यात पाहिलेला नाही.

हे कशामुळे झाले? येथे आपली कर्मादाने येतात. श्रावकाने जे पंधरा व्यवसाय करू नयेत असे शास्त्रकारांनी सांगितले, त्यांतील पाच मला त्या बेटावर दिसले.

पहिले दावाग्निदापन, म्हणजे वनास आग लावणे. तेथील शेतकरी जंगल तोडून, वाळवून पेटवितात आणि त्या राखेत भात पेरतात. एक-दोन पिके चांगली येतात. मग जमिनीचा कस जातो आणि पुढचा तुकडा पेटवावा लागतो. १९५३ ते २०१४ या काळात मादागास्करने आपल्या नैसर्गिक जंगलापैकी सुमारे ४४ टक्के जंगल गमावले. त्यात या आगीचा वाटा फार मोठा आहे.

दुसरे अंगारकर्म, म्हणजे कोळसे पाडणे. त्या देशात बहुतांश घरांची चूल आजही लाकडावर आणि लोणारी कोळशावर पेटते. नैर्ऋत्येकडील तुलेआर शहराभोवतालची काटेरी अरण्ये, जी जगात अन्यत्र कोठेही नाहीत, पोत्यापोत्याने शहरातील शेगड्यांत जात आहेत. पट्टेदार शेपटीच्या लेमूराचे घर तेच आहे.

तिसरे वनकर्म, म्हणजे वृक्षतोड. २००९ मध्ये त्या देशात राजकीय उलथापालथ झाली. ती संधी साधून ईशान्येकडील मारोजेजी आणि मासोआला या राष्ट्रीय उद्यानांत लाकूडतोडे घुसले. आपल्या शिसवाच्या कुळातील तेथील मौल्यवान वृक्ष हजारोंनी पडले. ते लाकूड मुख्यत्वे चीनमध्ये फर्निचरसाठी गेले. हे लाकूड पाण्यात बुडते, म्हणून एकेका ओंडक्यास नदीतून तरंगत नेण्यासाठी आणखी अनेक हलकी झाडे तोडून तराफे केले जात. मारोजेजी हे शुभ्र रेशमी सिफाका या अतिदुर्मिळ लेमूराचे निवासस्थान होय. २०१३ मध्ये या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले.

चौथे केशवाणिज्य. केस असलेल्या जीवांचा व्यापार, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. २०१० ते २०१३ या काळात मादागास्करमधील शहरांतच २८,००० हून अधिक लेमूर बेकायदा पाळण्यात आले, असा एका पाहणीचा अंदाज आहे. पिल्लू मिळविण्यासाठी अनेकदा मातेस मारतात. २०२४ मध्ये थायलंडच्या पोलिसांनी चोरट्या व्यापारातील लेमूर आणि कासवे पकडली व ती पुढे मायदेशी परत पाठविण्यात आली. याचा अर्थ, गिऱ्हाईक परदेशातही आहे.

पाचवे स्फोटकर्म, म्हणजे भूमी खणणे, फोडणे. येथे मात्र मला थांबावे लागते, कारण या पानावर माझे नाव आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी माझ्या चिरंजीवांची साडेसाती चालू होती. कोणी सांगितले म्हणून मी एक नीलम घेतला. जवाहिऱ्यांनी पुडी उघडून सांगितले, “शेठ, मादागास्करचा माल आहे. हल्ली चांगला नीलम तिकडूनच येतो.” मी रंग पाहिला, भाव केला, पैसे दिले. ते मादागास्कर कोठे आहे, हेही मी विचारले नाही. आता वाचतो की, १९९८ मध्ये त्या बेटावर इलाकाका येथे नीलम सापडले आणि माळरानावरील एका लहानशा वस्तीचे पाहता पाहता खाणवाल्यांचे शहर झाले. २०१६ मध्ये पूर्वेकडील बेमेंती येथे, इंद्री ज्या संरक्षित वनपट्ट्यात राहतो तेथेच, नीलम सापडले आणि हजारो माणसे जंगलात शिरली. झाडे पडली, ओढे गढूळ झाले. माझा खडा यांपैकी कोणत्या मातीतून आला, हे मला कधीच कळणार नाही.

मित्रहो, दुकानात नवा माल आला की मी ताग्याच्या काठावरचा गिरणीचा शिक्का पाहिल्याशिवाय तो फडताळात ठेवू देत नाही. माल कोठला, हे विचारणे हाच माझा जन्मभराचा धंदा. त्या दिवशी मात्र मी ते विचारले नाही. नातवाच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. शास्त्रकारांनी हे धंदे करणे, करविणे आणि अनुमोदन देणे असे तीन प्रकार सांगितले आहेत. कुऱ्हाड माझ्या हातात नव्हती, पण गिऱ्हाईक मी होतो. म्हणून ते म्हणावयाचे असते.

आता एक खुलासा करणे मी कर्तव्य समजतो. हे सर्व ऐकून तेथील शेतकऱ्यास कोणी पापी म्हणेल, तर तो अन्याय होईल. मादागास्कर हा जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक आहे. ज्याच्या घरात उद्याचा तांदूळ नाही, त्यास अरण्याचे महत्त्व सांगून पोट भरत नाही. २०२१ मध्ये त्या देशाच्या दक्षिण भागात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा लोकांवर निवडुंग खाण्याची वेळ आली. आपल्या भागानेही १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. अनेकांताची शिकवण हीच की, लेमूराच्या बाजूने पाहताना त्या माणसाची बाजूही पाहावी. माणसास उपाशी ठेवून केलेली जीवदया अपुरी, आणि ती टिकतही नाही.

ज्यांनी हे ओळखले, त्यांचे काम उभे राहिले. १९८६ मध्ये पॅट्रिशिया राइट या अमेरिकन विदुषींना रानोमाफानाच्या जंगलात सोनेरी बांबू-लेमूर आढळला. तोपर्यंत विज्ञानास तो अज्ञात होता. त्या केवळ निबंध लिहून परतल्या नाहीत. १९९१ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्याबरोबरच भोवतालच्या गावांत आरोग्य व शिक्षणाचे कामही सुरू झाले. पुढे तेथे संशोधन केंद्र उभे राहिले आणि स्थानिक लोकांस त्यात रोजगार मिळाला. दक्षिणेकडील आंजा येथे तर गावकऱ्यांनी स्वतःची संस्था करून पट्टेदार लेमूरांचे छोटे जंगल राखले. प्रवाशांकडून मिळणारे पैसे गावाच्या कामी लागतात. २०१२ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

पूर्वेकडील पर्जन्यवनांना २००७ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली होती. लाकूडतोडीमुळे २०१० मध्ये त्यांचे नाव धोक्यातील स्थळांच्या यादीत गेले. पंधरा वर्षांच्या प्रयत्नांनंतर, २०२५ मध्ये, ते नाव त्या यादीतून काढण्यात आले. संकट संपले असा याचा अर्थ नव्हे. परंतु प्रयत्न केल्यास खाते सुधारते, एवढे यावरून सिद्ध होते.

आणखी एक गोष्ट. तेथील लोकांत ‘फादी’ नावाची प्रथा आहे. फादी म्हणजे निषिद्ध. इंद्रीस अनेक गावांत पूर्वज मानतात आणि म्हणून त्याला मारणे फादी समजतात. आपल्या सह्याद्रीत देवराईतील काडीही कोणी उचलीत नाही, त्याच जातीची ही श्रद्धा आहे. दुर्दैवाने त्याच श्रद्धेची दुसरी बाजूही आहे. आय-आय दिसणे अशुभ मानून काही ठिकाणी त्याला ठार मारतात.

आपल्या देशातही लेमूराचा एक दूरचा नातेवाईक राहतो. तो म्हणजे दक्षिण भारतातील लोरिस. मोठ्या डोळ्यांचा, बारीक हातापायांचा, रात्री हळूहळू फिरणारा हा निरुपद्रवी जीव जादूटोण्याच्या भ्रमापायी पकडला जातो. २०२२ मध्ये तमिळनाडू शासनाने करूर आणि दिंडिगुल जिल्ह्यांत ११,८०६ हेक्टर क्षेत्रावर कडवूर येथे लोरिससाठी देशातील पहिले अभयारण्य घोषित केले. ही बातमी आपल्यापैकी कितीजणांनी वाचली? मीही वाचली नव्हती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पन्नास वर्षांत आपल्या ट्रस्टने पांजरपोळ चालविली, दुष्काळात छावणीस चारा दिला, कत्तलीस जाणारी जनावरे सोडविली. हे पुण्यकार्य आहे आणि ते चालूच राहावे. परंतु इंद्रीसाठी पांजरपोळ बांधता येत नाही. त्याला पिंजऱ्यात ठेवण्याचे प्रयत्न झाले, पण तो तेथे जगला नाही. त्याला विशिष्ट झाडांची कोवळी पाने लागतात, त्याचे कुटुंब लागते, त्याचे अरण्य लागते. अशा जीवांची दया करावयाची असेल, तर त्यांचे घर राखणे एवढाच मार्ग उरतो. वनस्पतीसही जीव मानणाऱ्या धर्मास हे समजावयास कठीण नाही.

दया न समजता केली तर काय होते, याचा अनुभव मला आहे. अनेक वर्षे महावीर जन्मकल्याणकाच्या दिवशी मी पिंजऱ्यातील मुनिया विकत घेऊन सोडीत असे. पक्षी उडाले की डोळ्यांत पाणी येई. एके वर्षी पैसे मोजून झाल्यावर पक्षी विकणारा म्हणाला, “शेठ, पुढच्या वर्षी किती आणू?” त्या क्षणी माझ्या ध्यानात आले की, मी पक्षी सोडवीत नव्हतो. मी पक्षी पकडण्याची आगाऊ मागणी नोंदवीत होतो. वन्यजीव कायद्याने हा व्यापार निषिद्ध आहे, हेही मला नंतर कळले. त्या वर्षापासून मी ते बंद केले.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली अशी की, जीवदया निधीतील काही ठरावीक भाग दरवर्षी वन्यजीवांचे निवासस्थान राखण्यासाठी ठेवावा. आपल्या परिसरातील एखादी टेकडी, एखादी जुनी देवराई किंवा पाणवठा गावकऱ्यांच्या सहभागाने राखावा आणि तेथे देशी वृक्षच लावावेत. दुसरी सूचना, संघाच्या वतीने पक्षी विकत घेऊन सोडण्याची प्रथा थांबवावी. तिसरी सूचना पैशांची नाही. रत्न, लाकूड किंवा पाळीव प्राणी घेताना, ‘हे कोठून आले?’ एवढा एक प्रश्न प्रत्येक घराने विचारावा. आपल्या समाजात जवाहिरे आहेत, फर्निचरचे व्यापारी आहेत. गिऱ्हाईक विचारू लागले की व्यापारी पुढच्या व्यापाऱ्यास विचारतो. बाजार असाच चालतो, हे मी चाळीस वर्षे गल्ल्यावर बसून पाहिले आहे.

तो नीलम अजून माझ्या तिजोरीत आहे. तो विकून टाकला तर मालक बदलेल, एवढेच. म्हणून मी तो ठेवला आहे. त्याच्या किमतीएवढी रक्कम पहिल्या सूचनेतील निधीसाठी आज ट्रस्टकडे जमा करीत आहे. यात दानशूरपणा काही नाही. जुनी बाकी चुकती करीत आहे, असे समजावे.

येत्या संवत्सरीस सातव्या व्रताचे अतिचार म्हणताना आपणांपैकी कोणास त्या दूरच्या अरण्यातील जीवांची आठवण झाली, तर माझ्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी मानीन. बोलताना जिनाज्ञेविरुद्ध काही बोललो असेन, कोणाचे मन दुखावले असेल, तर त्रिविधे त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.